रंगारी आढ्यावर काय करत होता?

"इथे 'रंगकाम' लिहा," साहेब म्हणाले आणि पेनाच्या टोपणाने त्यांनी अर्जातल्या सातव्या रकान्यावर टकटक केलं.

"पण आम्ही रंग देत नाही," मी म्हणाले.

"कधीच नाही?"

"गेल्या वर्षी गोदामाच्या दाराला दिला होता. आमच्याच."

"झालं तर मग! रंगकाम."

बँकेतले हे कर्जाचे साहेब वाईट माणूस नव्हेत. समोरच्याला बसायला सांगतात, पाणी विचारतात, आणि नाही म्हणायचं असलं की चष्मा काढून पुसायला घेतात. आत्ताही ते चष्मा पुसत होते.

त्यांच्या डोक्यावरच, भिंतीवर, सरकारी योजनेचा तक्ता लावला होता. लहान व्यवसायांसाठी कर्ज. तारण नको, जामीन नको, हमी सरकारची. कर्ज बुडालंच तर पाऊण रक्कम सरकार बँकेला भरून देणार. खाली धंद्यांची यादी होती. मी ती तीनदा वाचली होती. एकोणिसाव्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं, 'छपरांची बांधणी व दुरुस्ती'. मी बोट दाखवलं.

"ते सरकारचं झालं," साहेब म्हणाले. "आमची आतली एक यादी असते, ताई. जोखमीचे धंदे. फटाके, विहिरींची खोदाई, छपरं. माणूस वरून पडला की त्याचे हप्तेही पडतात, असं आमच्या वरच्यांना वाटतं. तुम्ही छपरं लिहिलंत तर कागद महिनोन् महिने वर लटकणार. रंगकाम लिहिलंत तर चार दिवसांत मंजुरीचं पत्र हातात. या शहरातले सगळे छपरवाले आमच्याकडे रंगारीच आहेत. विचारा कुणालाही."

कुणाला विचारायची गरज नव्हती. मला ते ठाऊक होतं. कागदोपत्री पाहिलं तर आमच्या शहरात एकही छपरवाला नाही. घरं, गोदामं, दवाखाने, सगळी कशी काय झाकली गेली, देव जाणे.

मी सातवा रकाना कोरा ठेवला आणि अर्ज पिशवीत घालून घरी आले.

आमचं घर वर, आणि काम खाली. खालच्या आवारात पत्र्यांच्या चळती, छपराला आधार देणाऱ्या कैच्यांचे लोखंडी सांगाडे, स्क्रूंची खोकी आणि तीस फुटी शिडी. धंदा माझ्या भावाने, दादाने, उभा केला. दोन वर्षांपूर्वी तो एका गोदामाच्या आढ्यावरून खाली आला, खुबा मोडला, आणि तेव्हापासून तो खिडकीजवळच्या खुर्चीतून धंदा पाहतो. पाहतो म्हणजे खरोखर पाहतोच. करते ती वहिनी. आज कंपनी दोघींच्या नावावर आहे, तिच्या आणि माझ्या. ती वर चढते, मी कागद सांभाळते. प्रत्येक कागदावर दोघींची सही लागते.

वहिनी संध्याकाळी आली तेव्हा तिच्या केसांत गंज होता आणि हातांना लोखंडाचा वास.

"वन्सं, झालं का काम?"

"झालं. एक रकाना राहिलाय."

मी तिला सगळं सांगितलं. ती पायांतले बूट ओढून काढत ऐकत होती. एक बूट निघाला, दुसरा अडकला.

"मग लिहा की रंगकाम! उद्या नाचकाम लिहा म्हणाले तरी लिहा. आपल्याला कागदाशी लग्न लावायचंय का?"

"माझ्याच्याने नाही होणार, वहिनी."

दुसरा बूट हातातच राहिला. "वीस तारीख विसरलात का?"

मी कशी विसरेन? मुलांच्या शाळेचं छप्पर. अकरा वर्गखोल्या, मधलं मोठं सभागृह आणि जिना. जुने, सडलेले पत्रे उतरवून सगळं नवं करायचं. शाळेच्या समितीने आमचा भाव पसंत केला होता, पण अट घातली होती: निम्मा माल कंत्राटदाराने आधी स्वतः आणायचा, आणि तेवढी ऐपत आहे असं बँकेचं पत्र वीस तारखेपर्यंत द्यायचं. पत्र नाही, तर काम दुसऱ्या नंबरवर असलेल्या काकांना. काका म्हणजे शहरातले सगळ्यांत मोठे कंत्राटदार. नात्याने कुणाचेच नाहीत, हाक मात्र सगळ्यांची काकाच. दादा पडल्यापासून आम्ही गोठ्यांची आणि टपऱ्यांची छपरं करून दिवस काढले होते. हे काम मिळालं असतं तर वहिनीला पुन्हा कुणी 'त्या पडलेल्या छपरवाल्याची बायको' म्हटलं नसतं.

"तुमचा देव माझे पत्रे आणून देणार आहे का?" वहिनीने विचारलं.

"नाही."

"मग?"

माझा एक नेम आहे. सकाळी दिवा लावल्याशिवाय मी पाण्याचा थेंब घेत नाही, आणि दिवा लावताना एकच मागणं मागते: आज माझ्या हातून खोटं अक्षर उमटू देऊ नकोस. दोन वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. घरात सगळ्यांना हा नेम माहीत होता. का धरलाय, हे कुणी विचारलं नव्हतं, कारण तेही सगळ्यांना माहीत होतं.

"एकदा लिहिलंय मी," मी म्हणाले. "एकदा पुरे."

दादाने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. खाली रस्त्यावर पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

दादाच्या पहिल्या कर्जाचा अर्ज मी भरला होता. माझं अक्षर चांगलं म्हणून. सातव्या रकान्यात मी सुबक, वळणदार 'रंगकाम' लिहिलं. पुढे माणसांच्या विम्याचा कागद झाला तो त्याच अर्जावरून उतरवून. दादा पडला, आम्ही विमा मागायला गेलो. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. बाकीचं पत्र मी विसरले, पण एक ओळ डोळ्यांसमोरून हलत नाही. 'नोंदीनुसार सदर इसम रंगारी आहे. रंगारी आढ्यावर काय करत होता, याचा खुलासा व्हावा.'

खुलासा काय करणार? आम्ही हत्यारं विकली, दवाखान्याचं बिल भरलं. दादाने मला एका शब्दाने दुखावलं नाही. वहिनीला भांड्याला भांडं लागलं तरी बोलायची सवय, पण तिनेही हा विषय कधी उगाळला नाही. त्या दिवशीसुद्धा नाही.

"ते मी सांगितलं म्हणून तिने लिहिलं होतं," दादा खिडकीकडेच तोंड ठेवून म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. पडलात ते पडलात," वहिनी म्हणाली. मग अर्ज ओढून घेतला, माझंच पेन घेतलं, आणि सातव्या रकान्यात ठळक अक्षरांत 'रंगकाम' लिहिलं. खाली स्वतःची सही ठोकली. "घ्या. अक्षर माझं, पाप माझं. तुमची नुसती सही हवी."

"सही पण अक्षरच असते, वहिनी."

"मग अंगठा लावा!"

दादाला हसू आलं. आम्हाला दोघींनाही आलं असतं, पण कुणी आधी हसायचं हे ठरेना.

गुरुवारी साहेब जागेची पाहणी करायला येणार होते. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. फोटो लागतो, म्हणाले. दोन-चार रंगाचे डबे, ब्रश असं काहीतरी दिसू द्या. वहिनीने हार्डवेअरच्या दुकानातून आठ रिकामे डबे आणि सहा नवे ब्रश मागून आणले. ब्रशांवरची प्लास्टिकची टोपणं फाडायची नाहीत, परत द्यायचेत, अशी दुकानदाराची अट होती.

मी सही केली नव्हती. पण नाहीही म्हटलं नव्हतं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून मी पाहत होते.

आवारात मिस्त्री, गोगलगाय आणि दोन गडी ओळीने उभे होते. मिस्त्री आमच्याकडचे सर्वांत जुने. पत्र्यावरून नुसते चालले तरी आवाजावरून त्यांना स्क्रू ढिला कुठे आहे ते कळतं. गोगलगायीला खरं नाव आहे, पण ते त्याच्या आईखेरीज कुणी घेत नाही. छपरावर इतका हळू चालतो की खालून पाहणाऱ्याला जांभई यावी. बावीस वर्षांत एकदाही घसरला नाही.

"मिस्त्री, ब्रश हातोड्यासारखा काय धरलाय?" वहिनी म्हणाली.

"तीस वर्षं जसं धरलं तसंच धरणार. हा कोणत्या बाजूने मारतात?"

"मला डबा द्या," गोगलगाय म्हणाला. "ब्रशामागे पोट लपत नाही."

"हसू नका," साहेब मोबाइल डोळ्यांसमोर धरून म्हणाले. "कामात असल्यासारखं दिसा. कुणीतरी भिंतीला ब्रश लावा."

गोगलगायीने भिंतीकडे तोंड केलं आणि टोपण न काढलेला ब्रश, जीव ओतून, वरखाली फिरवायला सुरुवात केली. चारच फटकाऱ्यांनंतर तो दोन पावलं मागे झाला आणि मान तिरकी करून पाहू लागला. "अजून एक हात लागेल, साहेब."

साहेबसुद्धा हसले. मग त्यांनी फोटो जवळ घेऊन पाहिला.

"मागे शिडी येतेय. तेवढी हलवा."

शिडी हलवली.

"ते खिळ्याला टांगलेले दोर?"

गड्याने दोर उतरवले.

"आणि ते पट्टे. कमरेचे. ते छपराचेच वाटतात."

ते छपराचेच होते. दादा पडल्यानंतर पहिली वस्तू घेतली ती हे पट्टे. घरात तेल नव्हतं तेव्हा घेतले होते. वहिनीचा नियम होता, पट्टा बांधल्याशिवाय शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. आता तीच वहिनी ते पट्टे गोळा करून पत्र्यांच्या चळतीमागे कोंबत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"साहेब," मिस्त्रींनी ब्रश उलटासुलटा करत विचारलं, "म्हणजे पुढच्या वेळी आमच्यातला कुणी पडला, तर तो वर नव्हताच ना?"

ते मस्करीतच म्हणाले. गोगलगायीने ब्रश खाली ठेवला.

मी पायरी उतरून साहेबांजवळ गेले. "फोटो पुसून टाका," मी म्हणाले.

"काय म्हणालात?" माझा आवाज मुळात लहान. लोकांना वाकून ऐकावं लागतं.

"फोटो पुसा, साहेब. दोघींची सही लागते. माझी मिळणार नाही."

साहेबांनी चष्मा काढला. वहिनीने डबा आपटला. रिकामा होता, त्यामुळे आवाज फार मोठा झाला.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेनाशी झाली. बोलायची, पण दादामार्फत. मी शेजारी बसलेली असताना, "तुमच्या बहिणीला सांगा, ताट झाकून ठेवलंय." दादा मान वळवून, "अगं, ताट झाकून ठेवलंय." मी म्हणायचे, "वहिनीला सांग, कळलं." दादा म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा या घरात माझ्यावाचून अडतंय."

मी साधं पत्र लिहिलं. आम्ही छपरांची बांधणी व दुरुस्ती करतो. आपल्या बँकेत या धंद्याला सरकारी हमीचं कर्ज मिळत नाही, असं तोंडी सांगण्यात आलं. तसं असल्यास कारणासह लेखी कळवावं. बँकेत दिलं आणि पोचेचा शिक्का मागून घेतला. त्या तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं मी वाचलं होतं: अर्ज नाकारल्यास कारण लेखी देणं बँकेवर बंधनकारक आहे.

"असं लिहून द्यायची आमच्याकडे पद्धत नाही," साहेब म्हणाले.

"मग मी बसते."

"कुठे?"

"तिथे. बाकावर."

सकाळचा दिवा, जप, दादाची औषधं, आणि दहाला बँकेचा बाक. बारापर्यंत. कुणाला काही बोलायचे नाही. पहिल्या दिवशी मॅनेजर बैठकीत होते. दुसऱ्या दिवशी त्यांची दाढ दुखत होती. तिसऱ्या दिवशी ते आतच होते, पण दार बंद होतं. चौथ्या दिवशी दारावरच्या रखवालदाराने माझ्यासाठी पंख्याखालची जागा धरून ठेवली.

"ताई, ओठ हलतात तुमचे. कुणावर जप चाललाय? मॅनेजरवर?"

"माझ्यावरच. राग येऊ नये म्हणून."

"मग मलाही शिकवा. मला अकरालाच येतो."

सहाव्या दिवशी काका आले. पांढरे शुभ्र कपडे, हातात गाडीची किल्ली. बाकावर माझ्या शेजारी बसले आणि किल्ली गुडघ्यावर ठेवली.

"ताई, तुमच्यासारखी देवाधर्माची बाई या बाकावर बसलेली पाहून मला वाईट वाटतं."

"पंखा आहे, काका. बरं वाटतं."

"तुम्ही खरं बोलून मोकळ्या व्हाल," ते आवाज खाली आणत म्हणाले. "पण इथे आम्ही सतरा जण आहोत. सतराही रंगारी. उद्या वरून कुणी विचारलं की या शहरात छपरं कोण करतं, तर काय सांगायचं? सगळ्यांची कर्जं परत मागतील."

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

"न घेताही कळतंच की."

"तुमच्याकडे किती माणसं वर चढतात, काका?"

"चाळीसेक."

"त्यातलं कुणी पडलं तर?"

त्यांनी किल्ली उचलली. "देव आहे ना!"

"देव आहे," मी म्हणाले. "पण विम्याचा कागद देवाने करायचा नसतो. तो आपणच करायचा."

ते उठले. ओठांवर हसू होतं, मान मात्र ताठली होती. "ठीक. शाळा मग माझ्याकडेच आली म्हणा."

"येईल. शिड्या नीट बांधा. मधल्या सभागृहाची उंची जास्त आहे."

खरं सांगते, ते गेल्यावर मला जप सुचेना. सतरा घरं म्हणजे थोडी नव्हेत. माझ्या एका नेमापायी कुणाच्या घरावर टाच आली तर ते पाप कुठल्या रकान्यात लिहायचं? त्या दिवशी मी बारानंतरही बसून राहिले. उठावंसं वाटेना, बसवेना. मग दादा आठवला. एका जागी बसून दोन वर्षं खिडकीबाहेर पाहणारा दादा, आणि त्याला रंगारी म्हणणारी ती ओळ. मी उद्या पुन्हा येणार, हे ठरवून उठले.

अठरा तारखेला साडेअकराच्या सुमारास बँकेचं काचेचं दार धाडकन उघडलं. आधी लोखंडाचा वास आला, मग वहिनी. कामाचे बूट, बाहीला गंज, आणि कमरेला पट्टा. तो काढायचंही तिला सुचलं नव्हतं. मागे मिस्त्री आणि गोगलगाय. रखवालदाराने दार धरून ठेवलं, जणू वरात येत होती.

ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहून बोलली.

"काका आला होता कामावर. मी वर आढ्यावर, तो खाली गाडीत. काच खाली करून काय म्हणाला माहितीये? 'तुझ्या नणंदेला बँकेतून उठव. म्हणजे शाळेच्या कामात तुम्हा सगळ्यांना रोजंदारीवर घेतो.' रोजंदारीवर! मला! मी दिलेल्या दरावर मला मिळालेलं काम तो मला रोजाने देणार."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. स्क्रूंचा डबा हातातून सुटला."

"गाडीवर?"

"गाडीवर."

"काचेवर नाही," गोगलगायीने खुलासा केला. "टपावर. मी पाहिलं. हळूच सुटला."

आवाज ऐकून मॅनेजर दाराबाहेर आले. बुटका, थकलेला माणूस, गालाला हात लावून. दाढ खरोखरच दुखत होती तर. त्यांनी आम्हाला आत बोलावलं. साहेबही आले. मिस्त्री आणि गोगलगाय दारात उभे राहिले, मॅनेजरच्या छताकडे पाहत.

"हे पाहा," मॅनेजर म्हणाले, "आठ दिवस या बाई बसल्यात. आमचे खातेदार मला विचारतात, यांचं काय चुकलं. मला भांडण नको. दोन रस्ते आहेत. पाहणीच्या दिवशी साहेबांनी आणलेला जुना अर्ज इथेच आहे, रंगकामाचा. यांनी फक्त सही करायची. उद्या पत्र देतो, परवा शाळेत पोचवा. दुसरा रस्ता, छपरं लिहा. मी नाकारणार नाही, नाकारायचं तर लिहून द्यावं लागेल आणि कारण काय लिहू? तक्ता माझ्याच भिंतीवर आहे. मी फाईल वर पाठवीन. महिना लागेल, दीड लागेल. वरचे हो म्हणतील की नाही, मला ठाऊक नाही."

अर्ज टेबलावर होता. सातव्या रकान्यात वहिनीचं ठळक अक्षर.

माझी बाजू मी आठ दिवस बसून बोलले होते. शाळा तिची होती. अकरा खोल्यांची मापं तिने स्वतः घेतली होती. त्या मापांची वही ती उशाशी घेऊन झोपायची.

"वरून 'नाही' आलं, तर ते लेखी येणार?" तिने विचारलं.

"वरून नकार आला तर मला तो लेखी द्यावाच लागेल."

"आणि 'हो' आलं, तर मंजुरीवर काय लिहिलेलं असेल?"

"तुम्ही जे लिहाल ते."

"विम्यावर?"

"विमा मंजुरीवरूनच उतरवतात."

वहिनी मागे वळली. "मिस्त्री, शाळा जाईल."

"जाऊ दे की. शाळेत आम्ही कधी गेलो होतो?" मिस्त्री म्हणाले.

"गोगलगाय?"

"मला विचारू नका. मला ठरवायला वेळ लागतो," तो म्हणाला. "पण ब्रश मला नको."

वहिनीने मॅनेजरच्या खिशातलं पेन मागितलं. खुर्चीत बसली नाही. उभ्यानेच, टेबलावर वाकून, 'रंगकाम'वर एक आडवी रेघ मारली. मग दुसरी. मग तिसरी मारायला लागली तेव्हा साहेब म्हणाले, "कागद फाटेल, बाई."

"फाटला तर दुसरा द्या. तुमच्याकडे कागदाची कमी आहे का?"

वर तिने लिहिलं, 'छपरांची बांधणी व दुरुस्ती'. तिचं अक्षर काही चांगलं नाही. 'छ'चं पोट फुगलं, 'ढ' लिहिता लिहिता खोडून 'ध' केला. पण दुरून वाचता येईल इतकं मोठं लिहिलं. शेजारी सही केली आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

"घ्या, वन्सं. आता तरी उमटवा."

मी सही केली.

मॅनेजरने शिक्का मारला आणि पुन्हा गालाला हात लावला. "मला समजत नाही," ते म्हणाले, "हातातलं काम सोडून..."

"साहेब," वहिनी म्हणाली, "तुम्ही दाढ दुखते म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाता का? नाही ना. मग आम्ही पडल्यावर रंगाऱ्याच्या विम्याकडे कशाला जायचं?"

बाहेर पायऱ्यांवरच तिने शाळेच्या मोठ्या बाईंना फोन लावला. स्पीकर लावला, कारण एका कानात अजून वाऱ्याची धूळ होती.

"बाई, आमचं बँकेचं पत्र वीसला येणार नाही. महिना-दीड महिना लागेल. कदाचित येणारही नाही."

पलीकडून बाई म्हणाल्या, त्यांना वाईट वाटतं, पण तारीख समितीने ठरवलेली आहे, काम मग दुसऱ्या नंबरला जाईल.

"जाऊ दे. मी थांबायला सांगत नाही," वहिनी म्हणाली. "एकच सांगते. काम ज्याला द्याल त्याला द्या. पण त्याच्या माणसांच्या विम्याचा कागद मागा, आणि धंदा काय लिहिलाय तेवढं वाचा. तुमच्या मुलांच्या डोक्यावर माणसं चढणार आहेत. ती कागदावर वर चढलेली आहेत की नाहीत, बघून घ्या."

"म्हणजे? असं का म्हणताय?"

"वाचा म्हणजे कळेल. मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

तिने फोन बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. सतरा घरं माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा उभी राहिली; त्यांच्याबरोबर काकांची ती चाळीस माणसंही.

"काय? चुकलं का?"

"नाही," मी म्हणाले. "सगळं खरंच बोललीस."

"मग अशा काय उभ्या राहिलात? चला. गोदामाचं आढं अर्धं उघडं टाकून आलेय मी. आणि वन्सं, उद्यापासून दहा ते बारा इथे नको. विम्याच्या हपिसात जाऊन बसा. ह्यांच्या त्या पत्राचा खुलासा अजून द्यायचा राहिलाय. खरा लिहा. रंगारी खोटा होता, छपरवाला पडला, म्हणावं. फेटाळू देत. फेटाळलं तरी त्यांच्या दप्तरात एक छपरवाला पडून राहील."

ती पट्टा आवळत पुढे निघाली. गोगलगाय तिच्या बरोबरीने चालायला धडपडू लागला, आणि मिस्त्री मला म्हणाले, "ताई, त्या हपिसात पंखा नाही. पदराने वारा घ्यावा लागेल."